औट घटकेचा गव्हर्नर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, ट्रेंटनला नोकरीची संधी मिळतेय खरी, पण गव्हर्नरच्या ऑफिसात नाही हो, लेफ्टनंट गव्हर्नरच्या. म्हणजे स्टेपनीच की!" मागून तुझे बाबा हसल्याचं ऐकू आलं. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. सत्तावीस वर्षं मी त्याच गावात, न्यू जर्सीच्या राजधानीत, राज्य सरकारच्या पुलांचे नकाशे तपासले. स्टेपनी नसलेली गाडी कशी चालते, तेही तिथेच पाहिलं. म्हणून बसलो लिहायला.

आधी तुझ्या आजीचा गोंधळ मिटवू. तिने पुण्याहून विचारलं म्हणे, "दिल्लीला ते नायब राज्यपाल असतात, तसं का गं?" तसं नाही. इथला गव्हर्नर म्हणजे लोकांनी निवडलेला राज्याचा प्रमुख, आणि लेफ्टनंट गव्हर्नर त्याचा नंबर दोन. दिल्लीच्या नायब राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात, त्यांना कोणी मत देत नाही आणि ते कोणाच्या हाताखालचे नंबर दोनही नसतात. उपमुख्यमंत्र्यांशी तुलना करशील तर तीही अर्धीच जुळते. आपल्या राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. कायद्याच्या नजरेत तो एक मंत्री, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही हेच सांगितलं. १९७८ साली वसंतदादांच्या सरकारात नाशिकराव तिरपुडे महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री झाले, ते दोन काँग्रेसचा संसार एका घरात चालवायचा होता म्हणून. उद्या मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला तर उपमुख्यमंत्री आपोआप त्या खुर्चीत बसत नाही. न्यू जर्सीचा लेफ्टनंट गव्हर्नर नेमका त्या ‘आपोआप’साठी निवडलेला असतो.

आता माझी गोष्ट. जानेवारी २००१ च्या अखेरीस गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन राजीनामा देऊन वॉशिंग्टनला गेल्या, केंद्राच्या पर्यावरण संस्थेच्या प्रमुख म्हणून. तेव्हा न्यू जर्सीत लेफ्टनंट गव्हर्नर हे पदच नव्हतं. राज्याच्या घटनेप्रमाणे सिनेटचे, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाचे, अध्यक्ष डोनाल्ड डिफ्रान्सेस्को हंगामी गव्हर्नर झाले, आणि सिनेटचे अध्यक्षही राहिले. सकाळी सभागृहात विधेयक मंजूर करून घ्यायचं आणि दुपारी त्याच माणसाने त्यावर सही करायची! शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सत्तेचं विभाजन पाठ केलेल्या माझ्यासारख्याला ते पचेना. पण खरी गंमत पुढच्या जानेवारीत झाली.

८ जानेवारी २००२ ला जुन्या सिनेटची मुदत संपली. डिफ्रान्सेस्को अध्यक्ष राहिले नाहीत, म्हणजे गव्हर्नरही राहिले नाहीत. नवी सिनेट रीतसर बसेपर्यंत राज्य कोणाचं? अ‍ॅटर्नी जनरल जॉन फार्मर यांचं. किती वेळ? नव्वद मिनिटं. आपल्याकडे ‘औट घटकेचा राजा’ म्हणतात ना, त्याचा हिशेब मी तेव्हा कागदावर करून पाहिला होता. औट म्हणजे साडेतीन, घटका म्हणजे चोवीस मिनिटं. चौऱ्याऐंशी मिनिटं झाली. फार्मरसाहेबांना आपल्या म्हणीपेक्षा सहा मिनिटं जास्तच मिळाली.

त्यानंतरही संपलं नाही. नव्या सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे वीस-वीस सदस्य, त्यामुळे अध्यक्षही दोन. मग उरलेला आठवडा दोघांनी वाटून घेतला. आधी रिपब्लिकन जॉन बेनेट, मग डेमोक्रॅट रिचर्ड कोडी. १५ जानेवारीला निवडून आलेले जिम मॅकग्रीव्ही यांनी शपथ घेतली. आठ दिवसांत पाच माणसं त्या खुर्चीत! आमच्या ऑफिसात तेव्हा कोणाला "गव्हर्नर कोण?" विचारलं की तो आधी घड्याळ बघायचा.

मॅकग्रीव्हींनीही मुदत पुरी केली नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये ते पायउतार झाले आणि कोडी पुन्हा आले, या वेळी चौदा महिन्यांसाठी, पुन्हा दोन्ही टोप्या डोक्यावर घेऊन. माणूस भला, कारभार बरा केला, पण प्रश्न माणसाचा नव्हता. न्यू जर्सीत राज्यभरातून निवडून येणारा राज्याचा पदाधिकारी तेव्हा एकच, गव्हर्नर. अ‍ॅटर्नी जनरलसुद्धा इथे गव्हर्नरच नेमतो, शेजारच्या पेनसिल्व्हेनियासारखी त्याची निवडणूक नसते. इतकी सत्ता ज्या एका खुर्चीत, तिच्यावर एका मतदारसंघातून आलेला सिनेटर बसायचा. बाकीच्या राज्याने त्याला मत दिलेलंच नसायचं.

नोव्हेंबर २००५ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रश्न मतपत्रिकेवर आला. मी नुकताच नागरिक झालो होतो. आणि तुला म्हणून सांगतो, मी ‘नाही’वर खूण केली. म्हटलं, आणखी एक पद, आणखी एक पगार, आणखी एक काळी गाडी. दुरुस्ती मंजूर झाली, हे बरंच झालं. अशा बाबतीत काटकसर कुठे करावी हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आता तुझ्या कामाचं. त्या दुरुस्तीतलं कलम मुलाखतीआधी स्वतः वाच, कोणी सांगितलेलं सार नको. निवडणूक कशी, तर प्राथमिक फेरीत लेफ्टनंट गव्हर्नरसाठी कोणी उभं राहत नाही. पक्षाचा गव्हर्नरपदाचा उमेदवार ठरला, की निकाल प्रमाणित झाल्यापासून तीस दिवसांत त्याने आपला जोडीदार जाहीर करायचा. नोव्हेंबरमध्ये मत एकच, दोघांना मिळून. २००९ मध्ये पहिल्यांदा अशी निवडणूक झाली आणि ख्रिस क्रिस्टी यांच्याबरोबर मॉनमथ काउंटीच्या शेरिफ किम ग्वाडानो निवडून आल्या. २०२५ मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवार मिकी शेरिल यांनी निवडलेले डेल कॉल्डवेल हे धर्मोपदेशक आणि विद्यापीठाचे अध्यक्ष, तर समोरच्या बाजूचे जिम गॅनन पुन्हा शेरिफ. म्हणजे त्या तीस दिवसांत उमेदवार स्वतःची कोणती बाजू लंगडी मानतो, हे जोडीदाराच्या नावावरून कळतं. तू मत देताना दुसरं नाव वाचलं होतंस का? मला खात्री आहे, नाही.

त्याच कलमात अशी सोय आहे की गव्हर्नरने लेफ्टनंट गव्हर्नरला एखादं खातं द्यायचं, किंवा स्वतःची काही कामं सोपवायची, किंवा दोन्ही. फक्त अ‍ॅटर्नी जनरल करायचं नाही. म्हणून मुलाखतीत तुझा पहिला प्रश्न हाच असू दे, साहेबांकडे खातं कोणतं? तुझा रोजचा दिवस त्या उत्तरावर ठरेल. ग्वाडानो राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट होत्या, म्हणजे निवडणुका, पर्यटन, कला, जुनी दप्तरं. त्यांच्या नंतरच्या लेफ्टनंट गव्हर्नर शीला ऑलिव्हर यांच्याकडे समाजव्यवहार खातं होतं. साडेपाचशेहून अधिक नगरपालिकांचे हिशेब, घरबांधणी, इमारतींचे नियम असा सगळा पसारा त्यात येतो. त्या आधी विधानसभेच्या सभापती होत्या, त्यामुळे कोणत्या गावचा महापौर कशासाठी रडतो हे त्यांना ठाऊक असायचं. अशा खात्यात दोन वर्षं काढलीस तर सरकार कसं चालतं ते तुला कळेल. नुसत्या फिती कापायचं ऑफिस निघालं, तर वर्षभरात बाहेर पड.

दुसरी गोष्ट, गव्हर्नरच्या प्रवासाची. गव्हर्नर राज्याबाहेर गेला की अधिकार लेफ्टनंट गव्हर्नरकडे येतात, आणि अशा दिवशी विधेयकांवर सह्याही होतात. शब्दशः घेतलं तर ट्रेंटनचा पूल ओलांडून नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात जेवायला जाणंसुद्धा राज्याबाहेर जाणंच! पण हसण्यावारी नेऊ नकोस. डिसेंबर २०१० मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी प्रचंड हिमवादळ झालं, तेव्हा क्रिस्टी फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डला, आणि ग्वाडानो आजारी वडिलांसह मेक्सिकोत. पद पहिल्यांदा भरून वर्ष झालं नव्हतं आणि हंगामी गव्हर्नर पुन्हा सिनेटचे अध्यक्षच, स्टीव्हन स्वीनी. लोक फार चिडले. मला त्या बाईंचं वाईट वाटलं, वडिलांना दिलेला शब्द त्या कसा मोडतील? पण गाडीचं चाक आणि स्टेपनी एकाच दिवशी दुरुस्तीला नेली, ही चूक कॅलेंडर सांभाळणाऱ्यांची. ते कॅलेंडर उद्या तुझ्यासारख्याच कोणाच्या तरी टेबलावर असेल.

आणि १ ऑगस्ट २०२३. गव्हर्नर मर्फी इटलीत सुटीवर, शीला ऑलिव्हर हंगामी गव्हर्नर. आदल्या दिवशी त्या आजारी पडल्या आणि त्या दिवशी गेल्या. पुन्हा सिनेटच्या अध्यक्षांकडे काम गेलं. पण या वेळी कलमात पुढचं लिहिलेलं होतं, पंचेचाळीस दिवसांत नवी नेमणूक. सप्टेंबरमध्ये ताहेशा वे यांनी शपथ घेतली. गडबड नाही, घड्याळ बघणं नाही. बातमीसुद्धा दोन दिवसांत मागे पडली.

इतर राज्यांचे नियम न्यू जर्सीवर लादू नकोस. नाव एक, काम निराळं. टेक्सासात लेफ्टनंट गव्हर्नर वेगळा निवडून येतो आणि एकतीस जणांच्या सिनेटचा अध्यक्ष असतो. समित्या तोच नेमतो, विधेयक कुठल्या समितीकडे जाईल तेही तोच ठरवतो. पगार वर्षाला ७२०० डॉलर, आणि गव्हर्नरपेक्षा याच्याच दारात गर्दी, असं तिथले जुने लोक सांगतात. व्हर्जिनियातही निवडणूक वेगळी. तिथे चाळीस जणांच्या सिनेटमध्ये मतं समान पडली की लेफ्टनंट गव्हर्नरचं मत निर्णायक. २०२५ मध्ये तिथे गझाला हाश्मी निवडून आल्या, जन्म हैदराबादचा. मेरीलँडच्या अरुणा मिलरही जन्माने हैदराबादच्याच. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार (‘श्री’ हे त्यांचं नाव, मान नव्हे) २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते, पण प्राथमिक फेरीतच हरले. जोडीदार निवडायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

वेगळं निवडून येण्याचा तोटा पाहायचा तर कॅलिफोर्निया बघ. १९७९ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर जेरी ब्राउन राज्याबाहेर असताना रिपब्लिकन लेफ्टनंट गव्हर्नर माइक कर्ब यांनी थेट न्यायाधीशाची नेमणूक करून टाकली. ब्राउन परतले आणि त्यांनी ती मागे घेतली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, कर्ब यांना अधिकार होता, आणि ब्राउन यांना मागे घ्यायचाही होता. दोघेही जिंकले म्हणायचे! न्यू जर्सीत जोडी एकाच मतावर येते, त्यामुळे हा तमाशा टळतो. त्या बदल्यात नंबर दोनला स्वतःचा आवाज राहत नाही. साहेबांनी काही चांगलं केलं तर फोटोत साहेब, आणि साहेब लोकांच्या मनातून उतरले की त्याची किंमत मात्र जोडीदारानेही मोजायची. २०१७ मध्ये ग्वाडानो गव्हर्नरपदाला उभ्या राहिल्या तेव्हा क्रिस्टींची लोकप्रियता रसातळाला गेलेली. त्या पडल्या.

तुझ्या ऑफिसातही हेच असणार. दोन मजले, दोन साहेब, आणि वरच्या मजल्यावरची पोरं खालच्यांना जरा कमीच लेखणार. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांच्यातल्या एकाशी तरी चहाची मैत्री ठेव. वादळाच्या रात्री तुला लागणारा फोन नंबर त्याच्याकडे असेल.

मुलाखत मंगळवारी आहे ना? ट्रेंटनला स्टेट हाऊसजवळ पार्किंग मिळत नाही, रेल्वेने ये. संध्याकाळी आमच्याकडे जेवायला थांब, काकू थालीपीठ लावणार आहे. येताना त्या कलमाची प्रत आण, त्यातली एक ओळ मला अजूनही नीट लागलेली नाही, दोघं मिळून बघू.

तुझा,
काका