ईआरसीपी चौथ्या दिवशी झाली. पण ताप कधी आला?

पित्ताच्या खड्यांमुळे वडिलांच्या स्वादुपिंडाला सूज आली, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करणं) चौथ्या दिवशी केली, पुढे तीन आठवडे आयसीयू. तर उशिराबद्दल दावा लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय. अशी पत्रं बरीच येतात आणि प्रत्येकात ‘उशीर’ या शब्दाखाली दोन रेघा असतात. तो कुठल्या वेळेपासून मोजायचा, हे मात्र कोणी लिहीत नाही.

दाखल झाल्यापासून मोजलात तर दावा बहुधा पडेल. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या डच चाचणीत आजार गंभीर होण्याची चिन्हं असलेले, पण पित्तनलिकेत जंतुसंसर्ग नसलेले २३२ रुग्ण होते. काहींची ईआरसीपी २४ तासांत केली, बाकीच्यांची गरज पडली तरच. मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ४४. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. समोरचा वकील हा कागद घेऊनच येईल. खडा पुष्कळदा आपोआप आतड्यात उतरतो, हेही सांगेल.

नलिकेत संसर्ग झाला, म्हणजे कोलान्जायटिस, की सगळं उलटतं. तिथे २४ तासांत नळी मोकळी करा, असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आणि तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिता, ‘दुसऱ्या रात्री हुडहुडी भरली, डोळे पिवळे दिसत होते.’ अहो, पत्र इथून सुरू करायचं! ही संसर्गाची लक्षणं; दावा या एका रात्रीवर उभा आहे. नर्सच्या चार्टवर ताप किती वाजता लिहिलाय, बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीचा, रिपोर्ट कधी आला, डॉक्टरांना कधी कळवलं. तिथून पुढचे तास मोजायचे.

तुम्ही जपून ठेवलीत ती बिलांची फाइल. त्यातून खर्च सिद्ध होतो, हलगर्जी नाही. आजच लेखी अर्ज देऊन संपूर्ण इनडोअर केसपेपर मागा, पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यावे लागतात. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आणि त्यातले बावीस महिने तुम्ही ‘बघू’ म्हणत घालवलेत. नोटीस धाडल्याने मुदत थांबत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. कागद हातात आले की पोटविकारतज्ज्ञाचं लेखी मत घ्या.

आपल्याकडे ईआरसीपीची सोयच नव्हती असं रुग्णालयाने म्हटलं, तर वेळेत दुसरीकडे का पाठवलं नाही हा प्रश्न येतो; त्याचं उत्तर रुग्ण हलवण्याजोगा होता का, यावर ठरेल. स्वादुपिंडाच्या आधीच्या अ‍ॅटॅकनंतर पित्ताशय काढायचा सल्ला वडिलांनी टाळला, हेही निघणारच. त्याने डॉक्टरांची जबाबदारी पुसली जात नाही. भरपाई कमी होईल का, यावर आत्ता शब्द देत नाही.

आणि चार्टवर त्या रात्रीचा ताप लिहिलेलाच नसेल, तर तुम्ही भावाला त्या रात्री पाठवलेले मोबाइलवरचे मेसेज तेवढे पुसू नका.