आवडीने लावलं, आवरेना झालं

पाऊस सरला की बागेच्या प्रश्नांमध्ये एक तक्रार हमखास असते: शोभेसाठी आणलेलं रोप आता बाकीच्या झाडांना जागाच ठेवत नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांचे असे काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं वेगवेगळी आहेत, कारण प्रत्येक रोप परत येतं ते वेगळ्या भागातून: कुणी पेरातून, कुणी मुळाच्या तुकड्यातून, कुणी बियांतून. तो भाग ओळखल्याशिवाय कुदळ उचलू नये.

प्रश्न : सोसायटीच्या कंपाउंड वॉललगत पिवळ्या फुलांचं वेडेलिया लावलं होतं. आता ते लॉनमध्ये, पेव्हर ब्लॉकच्या फटींत, गटाराच्या कडेला सगळीकडे आहे. माळी दर महिन्याला ग्रास कटर फिरवतो, तरी वाढतंच. (घोडबंदर रोड, ठाणे)

आधी तो ग्रास कटर थांबवा. वेडेलियाचं खोड जमिनीवर सरपटत जातं आणि पेरापेरापाशी मुळं सोडतं. कटरने त्याचे बोटभर तुकडे होऊन चहूकडे उडतात आणि ज्या तुकड्याला एक जरी पेर असेल, तो ओल मिळताच रुजतो. म्हणजे माळी दर महिन्याला नवी लावणीच करतोय. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत हे रोप आहे, ते काही उगाच नाही.

काढायला ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. पाऊस थांबलेला असतो आणि माती अजून मऊ असते. मार्चमध्ये ओढायला गेलात तर खोड जमिनीलगत तुटतं आणि मुळं आतच राहतात. माती कडक झालीच असेल तर आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या. एका टोकापासून मीटरभर रुंदीचा पट्टा घ्या. फोर्क (दात्यांचं फावडं) १५ सेंटिमीटर आत घालून माती सैल करा, खोड उचला आणि पुढच्या पेराची मुळं सुटली की चटईसारखं गुंडाळत चला. कुदळीने घाव घालू नका, त्याने पुन्हा तुकडेच होतात. निघालेला माल मातीवर न टाकता थेट ताडपत्रीवर घ्या.

हा माल ओल्या मातीवर ढीग करून ठेवला तर खालचा थर रुजतो. सिमेंटच्या जागेवर पातळ पसरून दोन आठवडे कडक उन्हात वाळवा. खोड वाकवल्यावर काटकीसारखं मोडलं, तरच खतात घाला. भिंतीपलीकडे मात्र टाकू नका. घोडबंदर पट्ट्यात एका बाजूला येऊरचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे. थोडी खारी, दलदलीची जमीनसुद्धा या रोपाला चालते.

पुढचे दोन महिने दर पंधरा दिवसांनी फेरी मारा आणि नंतर पुढचा पावसाळा संपेपर्यंत महिन्यातून एकदा. काम फसतं ते इथेच, कारण पहिल्या सफाईनंतर सोसायटीचा उत्साह संपतो. पेव्हरच्या फटींतून खोड ओढलं तर तुटतं, म्हणून तेवढे ब्लॉक काढून मुळं काढा आणि ब्लॉक परत बसवा.

जागा मोठी आणि दिवसभर उन्हात असेल तर एप्रिल-मेमध्ये माती भिजवून तिच्यावर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून बसवा आणि कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवडे राहू द्या. इथे पुष्कळजण काळा कागद घालतात. काळा कागद उजेड अडवतो, पण माती तापवण्याचं काम पारदर्शक कागदच जास्त चांगलं करतो. झाडाखालच्या सावलीत या उपायाचा उपयोग नाही. तिथे पुठ्ठ्याचे दोन थर, सांधे १५ सेंटिमीटर एकमेकांवर चढवून, आणि वर वीतभर सुका पाला घाला.

प्रश्न : रो-हाउसच्या मागे हजारी मोगरा होता. दोनदा खणून काढला, पण आता पूर्वीपेक्षा जास्त फुटवे आलेत आणि शेजाऱ्यांच्या अंगणातही निघालेत. (नेरूळ, नवी मुंबई)

फुलं गुच्छाने, पांढरी-गुलाबी, सुवासिक, आणि मोठं पान चुरगाळलं की उग्र घाण वास, असं असेल तर ते खऱ्या मोगऱ्याचं नव्हे, क्लेरोडेंड्रमचं झाड. त्याची मुळं जमिनीत आडवी धावतात आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र कोंब येतो. तुम्ही दोनदा खणलंत, म्हणजे दोनदा मुळांचे तुकडे करून आतच ठेवलेत.

जागा दोन बाय दोन मीटरपर्यंत असेल तर अर्धवट खणण्यापेक्षा पूर्ण खणा. फूटभर खोलीची सगळी माती काढून वाळूच्या चाळणीतून चाळा आणि पेन्सिलीएवढी जाड मुळं वेचून घ्या. भरावाच्या मुरमात चाळण चालत नाही, तिथे हातानेच निवडावं लागेल.

जागा मोठी असेल तर खणूच नका, उपाशी ठेवा. कोंबाला चार-पाच पानं आली की जमिनीलगत कापा. पावसाळ्यात हे दर १०-१२ दिवसांनी करावं लागतं. मुळातला साठा खर्चूनच कोंब वर येतो. पानांनी तो साठा परत भरायच्या आत कापत राहिलं की मुळं थकतात. याला किमान एक पूर्ण वर्ष धरा. मध्ये गावी जाऊन महिनाभर खंड पडला तर बरीचशी मेहनत वाया जाते, तेव्हा कापायचं काम कुणाला तरी सांगून जा.

शेजाऱ्यांकडचे कोंब त्याच आठवड्यात कापले गेले पाहिजेत, नाहीतर तुमच्या मुळांना त्यांच्या अंगणातून जेवण मिळत राहील. नंतर हद्दीवर दीड फूट खोल चर घेऊन जाड एचडीपीई (टणक प्लास्टिक) शीट उभी गाडा आणि तिची कड जमिनीच्या वर दोन इंच ठेवा. कड दिसायला ओबडधोबड वाटते म्हणून ती मातीखाली दाबली, तर मुळं वरून ओलांडतात.

प्रश्न : टेरेसवरच्या प्लांटरमध्ये जांभळी रुएलिया माजलीय. मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण एकत्र करून फवारावं, असं एका व्हिडिओत पाहिलं. चालेल का? (कोपरखैरणे)

नको. घरगुती व्हिनेगर फक्त कोवळी पानं जाळतं, खालून फुटवा येतो. मीठ त्याहून वाईट. ते मातीत साठतं, पुढे तिथे काहीच नीट येत नाही, आणि निचऱ्याबरोबर स्लॅबमध्ये उतरलं तर क्लोराइडमुळे आतल्या सळया गंजतात. वीस रुपयांच्या मिठापायी वॉटरप्रूफिंग आणि स्लॅबचा खर्च ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

रुएलिया मातीखालच्या आडव्या खोडांतून आणि बियांतून अशी दोन्हींकडून परत येते. शेंग पिकली की फट्कन फुटते आणि बी दूर उडतं. ओलं झालेलं बी चिकट होऊन कुंडीला, चपलेलाही लागतं. तेव्हा आधी शेंगा हिरव्या असतानाच कापून पिशवीत भरा. मग प्लांटर रिकामा करून माती चाळा, खोडं काढा आणि ती माती पारदर्शक पिशवीत बांधून मे महिन्यात गच्चीवर तापवा. उरलेल्या बियांची रोपं वर्षभर येत राहतील, ती चार पानांची असताना सहज उपटतात.

तणनाशकाचंही अनेकजण विचारतात. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला आहे, त्यामुळे घरी स्वतः फवारायचा प्रश्नच येत नाही. पॅराक्वाटला हातही लावू नका. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

प्रश्न : आवारातल्या आंब्यावर मनीप्लांट चढून पानं सुपाएवढी झालीत. ओढून काढावं का? (वाशी)

ओढू नका, आंब्याची साल सोलून निघेल. डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंतचा वेलाचा पट्टा कापून काढा आणि बुंध्याभोवतीची मुळंही खणा. वरचा वेल हळूहळू वाळून सैल होतो. पावसाळ्यात कापलं तर हवाई मुळांवर तो तगून राहतो, शिवाय खाली पडलेले तुकडे रुजतात. रसाने खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला.

प्रश्न : स्नेक प्लांटने कुंडी फोडली आणि वाफ्यातही पसरलंय. (माजिवडा, ठाणे)

हे सोपं आहे. जाड आडवे कंद वरच्या वीतभर मातीतच असतात. पहार घालून उचकटा. पानांचे तुकडे मात्र मातीवर सोडू नका, पानाच्या तुकड्यालाही मुळं फुटतात.

प्रश्न : टबातली जलपर्णी वाढून पाणी दिसेनासं झालंय. जास्तीची तलावात सोडली तर चालेल? (पाचपाखाडी, ठाणे)

अजिबात नाही. ठाण्याच्या तलावांना तिचा आधीच पुरेसा जाच आहे. जास्तीची रोपं मुळांसकट काढून पाणी निथळू द्या, कोरड्या लादीवर पूर्ण वाळवा आणि मग खतात घाला. टब धुतलेलं पाणीही गटारात न ओतता झाडांना घाला, कारण त्यात बी असू शकतं.