तुझी बोट कुठे होती?

अनेक आशीर्वाद.

संघाच्या यादीत तुझं नाव आठवं लागलं म्हणून तू खट्टू झाली आहेस की घाबरली आहेस, ते तुझ्या मेसेजवरून नीट कळलं नाही. बहुधा दोन्ही. फोन केला असता तर "हो सर, हो सर" म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहायला बसलो.

आधी त्या आठव्या नंबरचं बघू. कॅनो पोलो म्हणजे छोट्या कयाक बोटींत बसून बॉल समोरच्यांच्या गोलमध्ये टाकायचा खेळ. त्यात एका संघाचे पाण्यात पाच जण असतात आणि बाहेर तीन. बदली कितीही वेळा करता येते, तीही खेळ न थांबवता. नियमाने दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, स्थानिक स्पर्धेत वेळापत्रकात बसवायला कधी त्याहून छोटे. ऐकायला एवढंसं वाटतं, पण दिवसात चार-पाच सामने झाले की दुपारनंतर पहिल्या पाचांचे खांदे कुरकुरायला लागतात आणि कप्तान मागे वळून बघतो. तेव्हा तो तुलाच बघत असतो. त्यामुळे आठवी आहेस म्हणून आरामात राहू नकोस.

"बॉल हातात आला की मी काय करू?" असं तू विचारलंस. त्याचं उत्तर देतो, पण जरा पुढे. आधी एक साधा हिशेब कर. सामना वीस मिनिटांचा, पाण्यात दहा माणसं आणि बॉल एक. वाटणी केली तर तुझ्या वाट्याला जास्तीत जास्त दोन मिनिटं येतात, आणि त्यातला बराच वेळ बॉल हवेत नाहीतर पाण्यावर मोकळा असतो. तू मला त्या दोन मिनिटांबद्दल विचारते आहेस. मला उरलेल्या अठरांची काळजी आहे.

माझी पहिली स्पर्धा सांगतो. आम्ही झोन लावून, म्हणजे गोलपुढे आपापली जागा धरून, बसलो होतो. गोलखाली गोलरक्षक पॅडल उभं धरून, त्याच्यापुढे आम्ही चौघं. मी पुढच्या फळीत डावीकडे. समोरचे बॉल इकडून तिकडे फिरवत होते, कंटाळवाणं चाललं होतं. तेवढ्यात त्यांचा एक पास चुकला आणि बॉल माझ्यासमोर तीन-चार मीटरवर येऊन डुचमळायला लागला. मी सुटलो. दोनच वल्ही मारली असतील. माझ्या मागे एका बोटीएवढी फट पडली, आणि तिच्यात त्यांच्या माणसाने आपल्या कयाकचं नाक घातलं. बॉल माझ्या आधी त्यांच्याच दुसऱ्या माणसाच्या हातात गेला, तिथून त्या फटीत. गोल मी पाहिलासुद्धा नाही. पाठमोरा होतो, शिट्टी तेवढी ऐकली.

मध्यंतरात मी सबबी तयार ठेवल्या होत्या. आमचा गोलरक्षक कमी बोलणारा होता. तो एवढंच म्हणाला, "तू बॉल बघत होतास. मी तुझी बोट शोधत होतो."

त्यानंतर बरीच वर्षं खेळलो, मग शिकवायला लागलो, पण नव्या खेळाडूला सांगायला याहून नेमकं काही मला अजून सापडलेलं नाही. गोल पाण्यापासून 2 मीटर उंचावर टांगलेला असतो, 1 मीटर उंच आणि दीड मीटर रुंद. गोलरक्षक खालून वर पॅडल धरून बसलेला. लांबून मारलेला बॉल चांगला गोलरक्षक पॅडलवर घेतो. जवळून मारलेला मात्र घेता येत नाही, वेळच मिळत नाही. तेव्हा झोनचं काम बॉल हिसकावणं नाहीच. समोरच्याला लांबूनच मारायला लावायचं, हे काम. ते तुझ्या बोटीने होतं, हाताने नाही.

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं? नाक बाहेरच्या दिशेला, शेजारच्याची बोट डोळ्याच्या कोपऱ्यात. दोन बोटींमध्ये तिसरी शिरणार नाही एवढंच अंतर. समोरचा आत घुसायला बघेल तेव्हा मागे सरकायचा मोह होतो. सरकू नकोस. त्याचं नाक तुझ्या कुशीत यायच्या आत तू तुझं नाक त्याच्या नाकाच्या आतल्या बाजूला घाल आणि बाहेरच्या बाजूने एक लांब वल्हं ओढ. त्याची बोट आडवी होते, आणि आडव्या बोटीला पुढे जायला जागा नसते. हे करताना बोट किंचित एका अंगावर झुकव. सपाट बसलीस तर त्याचं टोक तुझ्या डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या भागावर, चढेल, आणि मग उतरवता उतरणार नाही. गेल्या आठवड्यात सरावाला तुझं हेच झालं, आठवतंय? तू पॅडलने त्याला ढकलायला गेलीस. पॅडल तिथे कामाचं नाही, कंबर कामाची आहे.

गोलपुढच्या 6 मीटरच्या पट्ट्यात जागेसाठी अशी बोटीला बोट लावून रेटारेटी चालते. बाहेर मात्र बॉल जिथे आहे त्याच्या 3 मीटरच्या आत नसलेल्याला जाऊन धडकलीस की शिट्टी वाजणार. आणि कुठेही असलीस तरी वेग घेऊन कुणाच्या कुशीत काटकोनात जायचं नाही. बोटीच्या टोकांना मऊ गादी असते ती बोटींसाठी. बरगड्या त्यातूनही दुखतात.

आक्रमणातही हाच हिशेब, फक्त उलटा. बॉल मागत हात वर करून तरंगत बसू नकोस. त्यांच्या दोन बचावपटूंच्या मध्ये, दोघांनाही "ही माझी की तुझी?" असं वाटेल अशा जागी जा. एक जण तुझ्याकडे वळला की आपल्या कुणाला तरी वाट मोकळी झाली. गोल दुसऱ्याच्या नावावर लागेल. लागू दे, कप्तानाला कळतं कुणी काय केलं ते. मात्र त्यांच्या गोलरक्षकाकडे बॉल नसताना त्याला रेटून जागेवरून हलवायचं नाही. नवीन खेळाडू उत्साहात हे हमखास करतात.

पटत नसेल तर या आठवड्यात एक प्रयोग कर. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1994 साली इंग्लंडमध्ये शेफिल्डला सुरू झाली, वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, हा खेळ 2005 पासून आहे. त्यांतला अलीकडचा एखादा अंतिम सामना शोध, रेकॉर्डिंग सहज मिळतात. कुठलाही एक खेळाडू निवड आणि पूर्ण डावभर बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघ. पाच मिनिटांत डोळे बॉलकडे पळतील, त्यांना ओढून परत आण. तो किती वेळा काहीच न करता नेमक्या जागी असतो ते मोज.

आता तुझी ती दोन मिनिटं. बॉल हातात आल्यापासून पाच सेकंदांत सोडायचा. पास दे, गोलवर मार किंवा स्वतःच्याच पुढे निदान 1 मीटर टाक आणि त्याच्यामागे जा. ही तिसरी युक्ती नवे लोक विसरतात. आजूबाजूला कुणी दिसत नसेल तर बॉल मोकळ्या पाण्यात पुढे टाकून दोन वल्ही मारून पुन्हा उचलला की पाच सेकंद नव्याने सुरू. मनात मोजायची सवय लाव, पण पाचपर्यंत मोजू नकोस. दोन म्हणेपर्यंत ठरलेलं असलं पाहिजे. तीनला कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचलेलं असतं.

आणि तो पोचला की ढकलणार. बॉल तुझ्या ताब्यात असताना उघड्या तळव्याने, एका हाताने, पाठीवर, कुशीवर किंवा दंडावर ढकलणं नियमात बसतं. पाण्यावरचा बॉल तुझ्या हाताच्या टप्प्यात असला तरी तो तुझ्या ताब्यातच धरतात, हे लक्षात ठेव, म्हणजे उगाच पंचांकडे रागाने बघणार नाहीस. बॉल आधीच सुटलेला असेल तर ढकलणाऱ्याची चूक. म्हणून ढकलताना दिसला की त्याच्याशी झुंजू नकोस, आधी बॉल सोड.

उलटलीस तर घाई करू नकोस, हे वाचायला सोपं आणि करायला महाकठीण. पाण्याखाली सगळा आरडाओरडा एकदम बंद होतो, आणि त्या शांततेनेच माणूस घाबरतो. लगेच रोल मारायला, म्हणजे बोटीत बसूनच ती सरळ करायला, गेलीस तर शेजारच्या बोटीच्या तळाला डोकं आपटेल. हेल्मेट आहे, लागणार नाही, पण रोल फसेल. पुढे वाक, पॅडल बोटीला लावून धर आणि एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ थांब. वर सावली असेल तर हाताने ती बोट बाजूला सरकव. मग वर ये. नाही जमलं तर स्प्रे डेक, म्हणजे कमरेभोवती बोटीचं तोंड झाकणारं कापड, ओढून बाहेर पड. मग त्या घटकेला तू खेळातून बाद, बोट आणि पॅडल घेऊन काठावर जायचं, पाणी ओतायचं आणि कप्तान बोलावेल तेव्हा परत यायचं. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी दोनदा असा पोहत बाहेर आलो होतो. दुसऱ्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कशासाठी होत्या ते मी अजूनही विचारलेलं नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो, राग मानू नकोस. तुला पॅडल उगारायची सवय आहे. दुसऱ्याचा हात बॉलकडे गेलेला असताना तिथे पॅडल न्यायचं नाही, मग बॉल तुझ्या कितीही जवळ असो. ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण बोटं मोडतात. हिरवं कार्ड म्हणजे समज. पिवळं म्हणजे तू दोन मिनिटं बाहेर आणि बाकीचे चौघं तुझ्या वाटणीचं पाणी सांभाळणार. बॉल अडवायचा असेल तर हात वापर, आणि शंका आली तर तोही वापरू नकोस, बोट आडवी घाल.

बदली होताना आपल्याच गोलरेषेच्या मागे बोटीत बसून थांबायचं. बाहेर येणाऱ्याची बोट शेपटीसकट रेषेबाहेर आल्याशिवाय आत शिरायचं नाही. तिथे थांबलेली असताना गप्पा मारू नकोस. झोनमधली कुठली जागा रिकामी होणार आहे ते बघत राहा, म्हणजे आत गेल्यावर "मी कुठे जाऊ?" असं विचारावं लागणार नाही. विचारलंस तर कुणी गोड आवाजात उत्तर देणार नाही. पाण्यावर ताई-दादा, सर-बिर काही नसतं. "डावी! डावी! मर तिकडे!" असं कुणी ओरडलं तर ते फक्त दिशा सांगतायत असं समज. तूही ओरड. तुझा आवाज बारीक आहे, आणि हेल्मेट घातलेल्या माणसाला बारीक आवाज ऐकूच येत नाही.

स्थानिक स्पर्धेत आपला सामना नसतो तेव्हा आपल्या संघाकडे दुसऱ्या सामन्याचं काम येतं. कुणी पंच, कुणी घड्याळ लावतं, कुणी गोलरेषेवर झेंडा घेऊन बसतं. सगळे हे काम टाळायला बघतात. तू रेषेवरचं काम मागून घे. झोन कसा उघडतो हे आतून कधीच दिसत नाही, तिथून स्वच्छ दिसतं. शिवाय पुढच्या फेरीत जो संघ आपल्यासमोर येणार आहे त्यांचा कोण कुठल्या हाताने मारतो हेही फुकटात कळतं. फक्त अंगावर कोरडं काहीतरी घालून बस. ओल्या कपड्यांत अर्धा तास बसलं की पुढच्या सामन्यात बोटं बॉल धरत नाहीत.

सामानाची तपासणी सकाळी पहिल्या सामन्याआधी होते. हेल्मेटची जाळी, जॅकेट आणि बोटीच्या टोकांच्या गाद्या बघतात. पॅडलच्या कडा आदल्या रात्री स्वतः तपास. पात्याच्या कडेवरून हाताचं बोट फिरव, कुठे ओरखडा किंवा चीर लागली तर मला सांग. कडेची जाडी 5 मिलिमीटरच्या खाली चालत नाही, आणि क्लबची जुनी पॅडलं झिजून धारदार होतात. तू वापरतेस ते निळं पॅडल मला संशयास्पद वाटतं.

शनिवारी सकाळी बोटी गाडीवर चढवायला सगळ्यांच्या आधी ये, मी तिथेच असेन. तुझ्या बोटीच्या पुढच्या टोकाची गादी एका बाजूने सुटली आहे. टेप माझ्याकडे आहे, पण ओल्या गादीवर टेप धरत नाही, तेव्हा शुक्रवारी सराव झाला की बोट पालथी न ठेवता नाक वर करून भिंतीला टेकवून ठेव.

तुझा,
सर