मे महिन्यात युनिटं साडेतीनपट झाली, बिल मात्र पाचपट कसं आलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून बदली होऊन नागपूरला आलात, फेब्रुवारीत ११० युनिटं आणि हजाराच्या आत बिल, मे महिन्यात ३८० युनिटं आणि बिल पाच हजारांच्या घरात. घरात एक मोठा कूलर, बेडरूममध्ये दीड टनाचा एसी, दोन पंखे, फ्रिज. मीटर पळतोय का?

मी नागपूरचाच. माझ्या मते मीटर ठीक असावा. आधी टप्प्यांचं गणित बघा, कारण खरी मेख तिथे आहे.

महावितरणच्या घरगुती दरात चार टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार (वीज तारांवरून पोहोचवण्याचा खर्च) धरून पहिल्या शंभरला युनिटमागे ५ रुपये ८८ पैसे, पुढच्या दोनशेला ११ रुपये ४६ पैसे आणि तीनशेच्या वर १५ रुपये ७२ पैसे पडत होते. दर बदलत राहतात, म्हणून ताजे आकडे तुमच्या बिलावरून घ्या. पद्धत कळावी म्हणून हेच आकडे वापरतो. ११० युनिटांचे ७०३ रुपये होतात, ३८० युनिटांचे ४१३८. त्यावर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क चढवलं की बिलं साधारण तुम्ही सांगता तिथेच येतात. इंधन समायोजन आकार, म्हणजे वीज बनवण्या-विकत घेण्याच्या खर्चातल्या चढउताराची वसुली, महिन्यागणिक वरखाली होतो, तो वेगळा.

बरेच जण समजतात की ३०० ओलांडले की सगळीच युनिटं महाग दराने लागतात. तसं होत नाही. पहिली शंभर स्वस्तच राहतात, महाग होतात ती वरची. पण म्हणूनच उन्हाळ्यातली बचत हिवाळ्यातल्या बचतीपेक्षा कितीतरी मोलाची असते. मे महिन्यात तुम्ही वरची ८० युनिटं वाचवलीत, तर शुल्कासकट जवळपास १४५० रुपये वाचतात. हिवाळ्यात शंभरच्या आतल्या तेवढ्याच युनिटांचे साडेपाचशेसुद्धा होत नाहीत. काटकसर करायचीच असेल तर सारा जोर एप्रिल ते जून लावा. जानेवारीत दिवे बंद करत घरभर फिरण्यात फारसा अर्थ नाही.

आता ही ३८० आली कुठून? एक हजार वॅट एक तास चाललं की एक युनिट, एवढ्यावर हिशोब मांडता येतो. फेब्रुवारीच्या ११० मध्ये गिझरची साधारण ३० होती असं धरा. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच इतकं तापलेलं असतं की गिझरला कोणी हात लावत नाही, म्हणजे उरली ८०. कूलर २०० वॅटचा, रोज १६ तास: महिन्याला ९६. दोन जुने पंखे ७५ वॅटचे, रोज १५ तास: ६७ च्या आसपास. एसी रात्री पाच तास, तासाला सरासरी ०.८ युनिट: १२०. फ्रिजला बाहेरच्या उकाड्याशी झगडावं लागतं, त्याची २० वाढवा. बेरीज ३८३. वॅट आणि तास मी अंदाजाने धरलेत, पण ताळा जुळतो.

तरी शंका राहिलीच तर मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबतो का बघा. थांबायलाच हवा. मग बाकी सगळं बंद ठेवून गार पाण्याने भरलेला २००० वॅटचा गिझर दहा मिनिटं चालवा. रीडिंग युनिटच्या एक तृतीयांशाएवढं सरकलं पाहिजे. यात मोठा फरक दिसला तरच मीटर तपासणीचा अर्ज करा. बिलावरचा कालावधीही पाहा. रीडिंग उशिरा घेतलं असेल किंवा आधी सरासरीवर बिल आलं असेल, तर एका बिलात जास्त दिवसांची युनिटं येतात. अशा वेळी टप्पेही त्या दिवसांच्या प्रमाणात वाढवून मिळायला हवेत. ते मिळालेत का, हे जरूर ताडून बघा. आणि एप्रिल-मे मध्ये सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, ते वापराच्या बिलात मिसळून घाबरू नका.

कूलरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही पुण्याहून आलात आणि तिकडे त्याची फारशी गरज पडत नाही. विदर्भाचा उन्हाळा कोरडा, म्हणून इथे कूलर खरंच थंड करतो. पण बाहेरून नवे आलेले लोक एसीसारखी खोली बंद करून कूलर लावतात. मग दमट हवा आत कोंडते, अंग चिकट होतं आणि माणूस वैतागून एसी चालू करतो. कूलर खिडकीबाहेर बसवा, त्याने बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे, आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवा. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेले पाण्याने भिजणारे गवताचे पडदे, दर मोसमाला बदला. खसच्या असतील तर उत्तम, वासानेच जीव सुखावतो. ताटी पूर्ण ओली होते का ते वरून हात लावून पाहा. पाण्याची नळी एका कोपऱ्यात तुंबली की अर्धी ताटी कोरडी राहते आणि तेवढी गरम हवा सरळ आत येते. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण उपसून टाका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. नवतप्यातही, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतही, दुपार कूलरवर निघते. जूनमध्ये पाऊस आला की मात्र कूलर कामाचा नाही, तेव्हा पंप बंद करा, आणि एसी खरा त्या उमसेच्या दिवसांसाठी राखून ठेवा.

एसी २४ वर ठेवून पंखा सोबत लावा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. दोन्ही पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतलेत, तर ७५ वॅटचं काम तीसेक वॅटमध्ये होतं. त्यातून मे महिन्यात ४० युनिटं कमी होतील, तीही सगळी वरच्या महाग टप्प्यातली.

तुम्ही भाड्याने राहत असाल तर छतावरच्या सोलरचा निर्णय घरमालकाचा. तीन किलोवॅटला केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान आहे, हे त्यांच्या कानावर घाला. पण त्याआधी एक गोष्ट विचारा: तुमचा मीटर स्वतंत्र आहे, की मालकांच्या मीटरवर तुमचा सबमीटर आहे? एका मीटरवर दोन कुटुंबं असली की स्वस्त शंभर युनिटं दोघांत मिळून एकदाच मिळतात आणि दोघंही उगाच वरच्या टप्प्यात जातात. तसं असेल तर मालकांच्या संमतीने वेगळ्या जोडणीचा अर्ज पुढच्या उन्हाळ्याच्या आत करून टाका.