दमा असलेल्या मुलाला दम लागत नसतानाही रोज इनहेलर द्यायचा का? सवय लागेल ना?

द्यायचा, आणि सवय लागत नाही. गल्लत अशी होते की दोन इनहेलर असतात. साल्ब्युटामॉल आकसलेली श्वासनळी काही मिनिटांत मोकळी करतं, पण आतली सूज तशीच राहते. ती सूज उतरवतं ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं स्टेरॉइड औषध; रोज द्यायचं ते हेच. त्याचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. मूल बरं दिसतं म्हणून आपणच बंद केलं की महिन्याभरात रात्रीचा खोकला परत हजर!

'स्टेरॉइड' शब्दाला लोक उगाच घाबरतात. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. उंचीवर किंचित परिणाम होतो, हे खरं. ब्युडेसोनाइडच्या एका मोठ्या अभ्यासात मोठेपणी सरासरी 1.2 सेंमी फरक दिसला. वारंवार अटॅक येऊन पोटातून स्टेरॉइड घ्यावं लागणं मला जास्त काळजीचं वाटतं.

बहुतेकदा घोळ औषधात नसतो, पद्धतीत असतो. इनहेलर हलवा, स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावा, लहानग्यांना मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा. एका वेळी एकच पफ, मग पाच-सहा शांत श्वास. रडत असेल तर औषध फुप्फुसात फारसं पोचतच नाही. नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

साधारण तीन महिने दमा आटोक्यात राहिला की डॉक्टर डोस कमी करून बघतात.