आयर्लंड समजून घ्यायचंय तर मयताला जा

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात दोघंही कॉर्कला येताय, व्हिसाचं काम मार्गी लागलंय. आता तिथल्या माणसांत मिसळायचं तर कुठले सण बघावेत, काय वाचावं, आणि अंडंही न खाणाऱ्या माणसांनी जेवावं काय?

सेंट पॅट्रिक्स डेपासून सुरुवात करू नका. 17 मार्चची मिरवणूक, हिरवे टोप, सगळं एकदा बघायला छान आहे. पण इथला माणूस खरा कळतो तो मयताला. ऑफिसातल्या कुणाचे वडील गेले, तर तुम्ही त्यांना जन्मात पाहिलेलं नसलं तरी जायचं असतं. बोलावणं येत नाही. आरआयपी डॉट आयई नावाच्या संकेतस्थळावर वेळ आणि जागा लागते, स्थानिक रेडिओवरही वाचून दाखवतात. आदल्या संध्याकाळी घरी किंवा फ्युनरल होममध्ये देह ठेवतात, पेटी बहुधा उघडी असते. रांगेत उभं राहायचं, घरच्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणायचं, पुढे सरकायचं. पाच मिनिटांचं काम, पण कोण आलं होतं हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आपल्याकडे त्या घरात चूल पेटत नाही. इथे चहा-सँडविच थांबतच नाहीत आणि मेलेल्या माणसाचे किस्से सांगून लोक हसतात. दचकू नका. गडद रंगाचे साधे कपडे चालतात. घरी परतल्यावर अंघोळ करायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरी जागा म्हणजे हर्लिंगचं, म्हणजे काठी-चेंडूच्या इथल्या पारंपरिक खेळाचं मैदान. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या संघातले खेळाडू पगारी नसतात. शनिवार-रविवारी खेळणारा सोमवारी शाळेत शिकवत असतो. म्हणून संघ खरोखर गावाचा वाटतो. कॉर्कने 2005 मध्ये ऑल-आयर्लंड ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकली; त्यानंतरची हळहळ, खासकरून 2024 मध्ये क्लेअरकडून एका पॉइंटने गेलेली फायनल, इथे तुम्हाला वारंवार ऐकावी लागेल. ऐका. ‘तू कुठला?’ या प्रश्नाला इथे काउंटी, मग गाव, मग पॅरिश (चर्चचा परिसर) असं उत्तर लागतं, त्यामुळे ‘इंडिया’वर थांबू नका, तालुक्यापर्यंत जा. मूळ मालवणकडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्यामुळे तिकडच्या माणसाचं काम जरा सोपं झालंय.

जेवणाचं. सॉसेज, पुडिंग (इथे गोड नव्हे, मांसाचं) आणि रॅशर्स म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, ही न्याहारी तुमच्या कामाची नाही. सोडा ब्रेड मात्र आहे: कणीक, सोडा, मीठ आणि ताक, यीस्ट नाही. इथल्या मऊ गव्हाला यीस्टपेक्षा सोडाच मानवतो. दुकानात विचारून घ्या, काही जण अंडं घालतात. घरी केलात तर तासाभरात होतो, आणि उरलेल्या ताकाची कढी करा. कुस्करलेल्या बटाट्यात केल नावाची पालेभाजी किंवा कोबी आणि भरपूर लोणी घालून केलेलं कोलकॅनन बहुधा शाकाहारी असतं. सूप मात्र भाज्यांचं म्हटलं तरी चिकन स्टॉकचं असू शकतं. हॅलोवीनला बार्मब्रॅक नावाचा मनुक्यांचा पाव येतो, त्यात अंगठी दडवलेली असते. त्यातही अंडं असतं बऱ्याचदा; खाणाऱ्या मित्रांना दात सांभाळा म्हणावं.

बटाट्यावरून विनोद करू नका, एवढं मात्र पाठ करा. 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, साधारण तितकीच देश सोडून गेली. कॉर्क काउंटीतच स्किबरीनला त्या काळच्या सामुदायिक कबरी आहेत. मिडल्टनला स्टीलच्या उंच पिसांचं शिल्प आहे: 1847 मध्ये अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी, स्वतः हालात असताना, इथे पैसे पाठवले, त्याची आठवण. सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडे जा.

वाचायचं तर जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ने सुरुवात करणाऱ्यांपैकी फार थोडे शेवटाला पोचतात. क्लेअर कीगनचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ घ्या. छोटं आहे, दोन संध्याकाळी पुरतील. 1985 च्या नाताळात एका कोळसेवाल्याला मठात कोंडलेली मुलगी सापडते, एवढीच गोष्ट. पण मुली-बायकांना कोंडून कपडे धुवायला लावणाऱ्या, नन्सनी चालवलेल्या त्या मॅग्डलीन लाँड्र्यांपैकी शेवटची 1996 मध्ये बंद झाली, हे कळलं की पन्नाशीपुढचे सहकारी चर्चचा विषय का टाळतात ते उमगतं. मग कॉर्कच्याच फ्रँक ओ'कॉनरच्या कथा. जॉइसची ‘द डेड’ ही कथा जानेवारीसाठी राखून ठेवा. नाताळ संपतानाची मेजवानी आहे तीत, आणि 6 जानेवारीला कॉर्क-केरीकडे नोलिग ना मॉन म्हणजे बायकांचा नाताळ असतो. त्या दिवशी घरकाम पुरुषांकडे. तुमच्या घरीही हा सण सुरू करायला हरकत नाही.

पुस्तकं विकत घेऊ नका. वाचनालयाचं सदस्यत्व फुकट आहे, 2019 पासून उशिराचा दंडही नाही, आणि एकच कार्ड देशभर चालतं. शिवाय ‘स्कूल्स कलेक्शन’ शोधा: 1937 ते 1939 दरम्यान शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांकडून गोळा केलेल्या भुताखेतांच्या गोष्टी, औषधं, म्हणी, खेळ, त्यांच्याच वहीतल्या अक्षरात, सगळं इंटरनेटवर मोफत. तुम्ही राहणार त्या भागाचं नाव टाकून बघा. शेजारच्या म्हातारीशी बोलायला विषय मिळेल.

सप्टेंबरात कल्चर नाइट असते, एका शुक्रवारी संध्याकाळी. संग्रहालयं, स्टुडिओ, जुन्या इमारती फुकटात उघड्या. सामान लागलेलं नसलं तरी त्या दिवशी बाहेर पडा, छत्रीऐवजी टोपीचं जॅकेट घालून, कारण इथल्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.