वहीतले नियोजन साहेबांच्या टेबलावर

‘दिवसभर मान वर न करता काम करते, तरी संध्याकाळी माझे स्वतःचे काम तसेच पडलेले असते. माझ्यात शिस्त कमी आहे, की माझा अबोल स्वभावच आड येतो?’ हा प्रश्न अंतर्मुख स्वभावाच्या नोकरदारांकडून समुपदेशनात इतक्या वेळा येतो, की त्याचे उत्तर एका अनुभवाच्या आधाराने सविस्तर द्यावे असे वाटले. संबंधित व्यक्तीची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करणाऱ्या पस्तिशीच्या या ताई मार्चअखेर उरकल्यानंतर माझ्याकडे आल्या. येताना त्यांनी आपली रोजनिशी आणली होती. दहा ते अकरा कर्जप्रकरणांची छाननी, अकरा ते बारा थकबाकीच्या नोटिसा, त्यानंतर पत्रव्यवहार, असे प्रत्येक दिवसाचे तास त्यात सुवाच्य अक्षरात आखलेले होते आणि जवळजवळ प्रत्येक पानावर अपूर्ण राहिलेल्या कामांपुढे लाल खूण होती. त्या खुणा म्हणजे स्वतःच्या आळसाचा पुरावा, असे त्यांचे ठाम मत होते. रोजनिशी चाळल्यावर मी त्यांना एवढेच विचारले, की ही वही कार्यालयात आणखी कोणी पाहिली आहे का. ‘छे, ती मी पिशवीतच ठेवते,’ असे त्या म्हणाल्या, आणि माझ्या मते त्यांच्या अडचणीचे मूळ याच उत्तरात होते.

पुढील आठवडाभर त्यांनी रोजनिशी बाजूला ठेवून फक्त एक नोंद करायची, असे आम्ही ठरवले: हातातले काम कोणी आणि कशासाठी थांबवले, आणि त्या कामाकडे परत वळायला किती वेळ लागला. या नोंदीतून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली त्यांच्या कामाच्या प्रकाराशी निगडित होती. कोकणातील सातबारा बहुधा सामायिक असतो. त्यावर चुलत्यांची, आत्यांची, मुंबईत स्थायिक झालेल्या भावंडांची आणि कधी दिवंगत आजोबांचीही नावे असतात. गहाणखतासाठी कोणाची संमती लागेल, कोणाची वारसनोंद राहिली आहे, हे फेरफाराशी ताडून पाहताना मध्येच कोणी हाक मारली, तर पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसऱ्या कामाची गुणवत्ता त्यामुळे घसरते. हे सर्वांनाच लागू आहे. मात्र ज्यांचे मन एकाच गोष्टीत खोलवर शिरून चालते आणि ज्यांना माणसांशी बोलून झाल्यावर थोडी शांतता लागतेच, त्यांना हे तुकडे अधिक महाग पडतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट त्यांना स्वतःला अनपेक्षित होती. सर्वाधिक ग्राहक त्यांच्याच टेबलाशी येत होते, कारण त्या न चिडता ऐकून घेतात. ‘ताईंकडे जा, त्या नीट सांगतील,’ असे म्हणून सहकारी माणसे तिकडे वळवीत, ‘बरा मां?’ म्हणून खुर्ची ओढणारा ग्राहक हप्त्याच्या चौकशीनंतर गजालीत रमे, आणि ताईंना त्याला तोडणे जमत नसे. व्यवस्थापकही नवे काम त्यांच्याकडेच देत, कारण त्या कधी हरकत घेत नसत. उत्तम ऐकणारा आणि तक्रार न करणारा माणूस मोकळा आहे, असाच इतरांचा समज होतो, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नसतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख या प्रवृत्तींची मांडणी केली, तेव्हा अंतर्मुखता म्हणजे मनाचा ओढा आतल्या जगाकडे असणे, असा त्यांचा आशय होता. माणसांची भीती असा नव्हे. ताईंना भीती वाटत नव्हती, थकवा येत होता. ज्यांना साहेबांसमोर जाण्याच्या विचारानेच धडधडते, घाम फुटतो, आदल्या रात्री झोप लागत नाही, त्यांची अडचण निराळी असते आणि वेळेच्या नियोजनाने ती सुटत नाही. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठी उपलब्ध आहे.

आम्ही सुरुवात वेळापत्रकापासून केली नाही. दर सोमवारी सकाळी एका कागदावर हातात असलेली प्रकरणे, त्यांतील या आठवड्यात पूर्ण होणारी आणि पुढे जाणारी, असे तीन रकाने लिहून तो कागद व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवायचा, एवढेच पहिले काम होते. यावर ताईंचा विरोध तीव्र होता. काम टाळण्यासाठी कागद नाचवते, असे लोक म्हणतील, अशी त्यांची धास्ती होती. मी आग्रह सोडला नाही. ज्याला तोंडी सांगणे जड जाते, त्याला लेखी सांगण्याची सोय उपलब्ध असताना त्याने ती वापरू नये, हे मला पटत नाही. कागद पाहून व्यवस्थापक म्हणाले, ‘एवढी प्रकरणे तुमच्याकडेच आहेत?’ आणि त्यांतील दोन त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या लिपिकाकडे सोपवली.

तरीही अचानक येणारे काम राहतेच. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची १९९९ मधील मांडणी उपयोगी पडली. ‘मी नकार द्यायला शिकेन’ असा मोघम निश्चय फारसा टिकत नाही. ‘अमुक घडले, तर मी तमुक करीन’ असे प्रसंगाला बांधलेले ठरवणे अधिक टिकते. नवे काम हातात आले, की म्हणायचे वाक्य आम्ही आधीच तयार केले: ‘साहेब, हे आज घेते, मग १०१ च्या दाखल्यांचे प्रस्ताव उद्या दुपारी होतील, चालेल ना?’ (सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली थकबाकी वसुलीसाठी मिळतो तो हा दाखला.) यात नकार नाही, पण कशाच्या बदल्यात काय, हे ठरवण्याची जबाबदारी ज्याची आहे त्याच्याकडे जाते. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हटले. सुरुवातीला शेवटचे ‘चालेल ना’ तेवढे ऐकू येई आणि आधीचे सारे पुटपुटण्यात जाई.

वेळेची आखणी त्यानंतर झाली आणि तिचा पहिला आराखडा फसला. सकाळचा पहिला तास सातबाऱ्यांसाठी राखावा, असे आम्ही ठरवले होते. पण त्याच वेळेस दैनिक ठेवीचे प्रतिनिधी भरणा करायला येतात आणि कार्यालयात सर्वाधिक गलबला तेव्हाच असतो. म्हणून तो शांत वेळ दुपारी रोखीचा काउंटर बंद झाल्यानंतर घेतला, आणि सकाळी पत्रांची आवक-जावक, फोन, सह्या अशी मोडली तरी न बिघडणारी कामे ठेवली. फोन सुटेसुटे न करता एकत्र करायचे ठरले. जेवणाचा प्रश्न नाजूक होता. डबा एकत्र खाण्याची पद्धत असलेल्या कार्यालयात वेगळे बसणे म्हणजे शिष्टपणा समजला जातो, त्यामुळे ‘एकांतात जेवा’ हा सल्ला मी दिला नाही. त्या सर्वांबरोबर जेवतात आणि मग रेकॉर्ड रूममध्ये जाऊन फायली लावतात. कामही होते, कोणी बोलायलाही येत नाही.

खरी कसोटी पुढच्या मार्चमध्ये होती. शिमग्यासाठी चाकरमानी गावी येतात, आंब्याच्या हंगामामुळे बागायतदारांची धावपळ असते, आणि संस्थेत ३१ मार्चची वसुली चालू असते. हे तिन्ही बहुधा एकाच सुमारास येते. आदल्या वर्षी त्या यातच कोलमडल्या होत्या. या वेळी आम्ही जानेवारीतच बसलो. चाकरमान्यांची गर्दी टाळता येत नाही, पण मुंबईतल्या सहहिस्सेदारांच्या सह्या मिळण्याची संधीही तीच असते, हे ताईंनीच लक्षात आणून दिले. त्यांनी कोणाची कोणती सही हवी, याची यादी फेब्रुवारीत तयार केली आणि त्या घरांना आधीच पत्रे पाठवली. कर्जासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी ठळक अक्षरात छापून काउंटरवर लावली, त्यामुळे तेच तेच विचारायला येणारी माणसे कमी झाली. सगळे सुरळीत पार पडले असे नाही. शेवटच्या आठवड्यात शांत वेळ मिळालाच नाही आणि त्या घरी जाऊन कोणाशीही न बोलता झोपत. घरच्यांना तेवढे दिवस हे असेच असेल, असे त्यांनी या वेळी आधी सांगून ठेवले होते, म्हणून मागच्या वर्षीसारखे रुसवेफुगवे झाले नाहीत.

मासिक सभेत त्या अजूनही फारशा बोलत नाहीत. थकबाकीची टिपणी आदल्या दिवशी सर्वांना लेखी देतात आणि सभेत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतात. संचालकांना ही पद्धत आवडू लागली आहे.

आता संस्थेने त्यांना दुसऱ्या गावच्या शाखेचे शाखाधिकारी होण्याविषयी विचारले आहे आणि हा स्वभाव घेऊन ते पद स्वीकारावे का, हा त्यांचा नवा प्रश्न आहे. हो किंवा नाही यांपैकी काहीच मी सुचवलेले नाही. सध्याच्या शाखाधिकाऱ्यांसोबत आठवडाभर बसून त्यांच्या दिवसात माणसांशी बोलण्याचे तास किती, कागदावरचे किती आणि त्यांतले कोणते तास दुसऱ्याकडे देता येण्याजोगे आहेत, याची नोंद ताईंनी करून आणावी, असे ठरले आहे. ती नोंद घेऊन त्या आल्या, की पुढचे बोलू.